गडग्यापलीकडे ऐकू गेलेली साक्ष

“विमलाताई, तुमच्याकडं सिलिंडर दोन हायत ना? एक द्या. सासूबायची धाप थांबत नाय.”

दारात शेजारची गंगा उभी होती, अनवाणी.

“दोन हायत म्हणून कोणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच. आयतवारी बोललाव. गडग्यापलीकडं ऐकू आलं.”

खरं होतं. आमच्या दोन घरांमध्ये दगड रचलेला कमरेएवढा गडगा, तेवढाच. पावस गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं ती कितीशी, पण दर रविवारी आमच्या पडवीत प्रार्थना होते. पाळकसाहेब रत्नागिरीहून येतात. शेवटी ज्याला देवानं काही दिलं असेल त्यानं उठून साक्ष द्यायची. गेल्या रविवारी मी उठले आणि माझी जीभ सैल सुटली. देव पुरवतो, म्हटलं. माझ्या घरात ऑक्सिजनच्या एका सिलिंडरचे दोन झाले, अडलेल्यानं मागावं, मी नाही म्हणणार नाही. सगळे ‘आमेन’ म्हणाले. मलाही फार बरं वाटलं.

माझ्या नवऱ्याची, दीपकची, फुप्फुसं चिरेखाणीच्या धुळीनं गेली. एरवी तो विजेच्या मशीनवर श्वास घेतो. पण त्या दिवशी सकाळी वाऱ्यानं लाइनवर माड पडला, वीज गेली आणि तो सिलिंडरवर आला. दुपारपर्यंत त्यातला निम्मा संपला होता. दुसरा, भरलेला, कॉटखाली होता. वीज कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नव्हतं.

“अँब्युलन्स बोलावलीस?”

“रत्नागिरीतनं निघालीय म्हणतायत. तोवर...”

मी जात्याच भित्री. मनात आलं, निम्मा तिला द्यावा, भरलेला दीपकला लावावा. कोणाला कळतंय? पाना घेऊन मी त्याच्या सिलिंडरपाशी वाकले. त्यानं मास्क बाजूला केला.

“भरलेला दे.”

“आणि वीज नाय आली तर?”

“साक्ष देताना निम्मा म्हणालेलीस काय?” एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली.

मला त्याचा भयंकर राग आला. जायचं त्याला, मागे उरायचं मला. पण गंगा ऐकत उभी होती.

दोघींनी मिळून भरलेला उचलून नेला. तिच्या सासूबाई, यमुनाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ निळे पडलेले. मी मास्क लावला, चावी फिरवली आणि मागे न बघता घरी पळत आले.

मग दीपकच्या सिलिंडरवरच्या काट्यासमोर बसले. काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता. सिलिंडरवाला फोन उचलत नव्हता. मी गुडघे टेकले. रविवारचे मोठमोठे शब्द एकही आठवेना. “प्रभू, तो सिलिंडर परत येऊ दे,” एवढंच म्हणत राहिले. “लवकर परत येऊ दे.” काटा लालमध्ये शिरला. दीपकचा हात माझ्या हातात होता, त्याची नखं काळपट दिसायला लागली होती.

तेवढ्यात गडग्याचं बेडं, लाकडी फाटक, वाजलं. गंगा एकटीच सिलिंडर कवेत धरून ओढत आणत होती. तिनं तो पायरीला टेकवला.

“अँब्युलन्स आली?” मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. “दीपकदादाला लावा हा. सासूबायला आता नको.”

ती लगेच परत गेली. मी पाना उचलला. कसाबसा सिलिंडर जोडला. काटा वर चढला, जवळजवळ भरलेलाच होता. हळूहळू दीपकची नखं गुलाबी झाली. मी मागितलं तेच आलं होतं. कसं यावं, ते मी सांगितलं नव्हतं. इतका वेळ मी मरणाला भीत होते, आता मला देवाची भीती वाटायला लागली.

गडग्यापलीकडे रडणं सुरू झालं.

“आभार मान,” दीपक म्हणाला.

मी तोंड उघडलं. त्यानं माझा हात दाबला.

“मनात मान. पलीकडं ऐकू जातं.”

मी तोंड मिटलं. मग उठून मोठा टोप काढला आणि दोन्ही घरांचे तांदूळ धुवायला घेतले. आज त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती.