सूचनांसह परत

आमच्या समितीत ‘नाही’ म्हणायची रीत नव्हती.

आमच्या विद्यापीठात मूल कुठल्याही शाखेचं असो, यंत्रं शिको की औषधं, त्याला चार विषय बाहेरचे घ्यावेच लागतात. आपल्या विहिरीपलीकडचंही घोटभर पाणी प्यावं, एवढाच त्यामागचा हेतू. या सामायिक विषयांची यादी आम्ही पाच शिक्षक सांभाळायचो. दर पाच वर्षांनी एकेका विषयाची फाइल आमच्या टेबलावर यायची आणि तो यादीत राहणार की जाणार, हे आम्ही ठरवायचो. पण ‘जाणार’ असं आम्ही कधी म्हणालोच नाही. रोज समोर भेटणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार कसं लावायचं? फाइल पटली नाही की मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे, ‘सूचनांसह परत’. माणूस दुखावत नाही, नियम मोडत नाही. सापही मरतो, काठीही शाबूत राहते. अध्यक्ष म्हणून मला या रीतीचा अभिमान होता.

ताईंची फाइल पहिल्यांदा आली ती जेमतेम अकरा पानांची. सगळं विद्यापीठ त्यांना ताईच म्हणायचं. मी तर त्यांच्याहून बारा वर्षांनी धाकटी. वीस वर्षं त्या एकच सामायिक विषय शिकवत होत्या, ‘ऐकणं’. आजवर त्यांच्या फायली डोळे झाकून मंजूर झाल्या होत्या. यंदा मात्र नवा नमुना आला होता. प्रत्येक आठवड्यापुढे विद्यार्थ्याला काय आलं आणि ते मोजणार कसं, हे भरायचं होतं. ताईंनी सहाव्या आठवड्यापुढे दोनच शब्द लिहिले होते, ‘जाऊन ऐकणे’. मोजमापाचा रकाना कोरा.

“जाऊन ऐकणे!” पदार्थविज्ञानाचे सर म्हणाले. त्यांना आम्ही पाठीमागे फूटपट्टी म्हणायचो आणि ते त्यांना माहीत होतं. “उद्या कुणी लिहील, येऊन बघणे. परवा कुणी, बसून राहणे.”

“बसून राहणे तर आपण दर मंगळवारी करतोच की,” कायद्याच्या बाई म्हणाल्या.

सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसताच लिहिलं, ‘ऐकणे म्हणजे नेमके काय, ते स्पष्ट करावे. सूचनांसह परत.’

दुसऱ्यांदा फाइल आली तेव्हा त्या दोन शब्दांचं अर्धं पान झालं होतं. ताईंनी लिहिलं होतं, ‘मुलाने आपल्या ओळखीच्या, पण कधी काही न विचारलेल्या माणसाकडे जावे. वही नाही, फोन नाही, हात रिकामे. एकच प्रश्न विचारावा आणि तासभर मध्ये बोलू नये. मग वर्गात येऊन ते सगळे ‘मी’ म्हणून सांगावे, जणू आपणच ते जगलो. याला गुण देत नाही. देऊ नयेत.’

मी ते दोनदा वाचलं. खरं सांगते, त्या वर्गात जाऊन बसावंसं वाटलं. पण रकाना कोराच होता. परत.

तिसऱ्या खेपेला त्यांनी गुणही भरले. लक्ष पाच, स्मरण पाच, मध्ये न बोलणे पाच. तर कायद्याच्या बाईंनी विचारलं, लोकांच्या घरी मुलं पाठवता, मग संमतीपत्राचा नमुना कुठे आहे? परत.

कागद गेला, कागद आला. खिडकीतल्या झाडाची पानं झडली, नवी फुटली, आणि फाइल आपली जात राहिली, येत राहिली.

आमचे कारकून भाऊ एकदा दारात घुटमळले. “बाई, ताई स्वतः येतात फाइल द्यायला. वर आमच्या कचेरीत, तीन जिने चढून. वर आल्या की पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटत नाही त्यांच्या.”

“लिफ्ट आहे की, भाऊ.”

“लिफ्ट दोन महिने बंद आहे, बाई.”

माझी खोली तळमजल्यावर. मला ठाऊकच नव्हतं. मी ‘बरं’ म्हटलं आणि पुढची फाइल ओढली.

सुट्ट्या संपल्या त्या आठवड्यात ताई गेल्याचं कळलं. दीड वर्ष आजारी होत्या म्हणे. कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंही कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्यांचे यजमान माझ्या खोलीत आले. ते घड्याळं दुरुस्त करतात, मंडईमागच्या गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान आहे. त्यांनी चौथी फाइल टेबलावर ठेवली आणि कडा सरळ केल्या.

“बाई, ही तुमची. दवाखान्यात खाटेवर बसून पुरी केली तिने. लेकीने टाइप करून दिली. लेकीला म्हणाली, आता त्यांना बोट ठेवायला जागा नाही.”

मला बसा म्हणायचंही सुचलं नाही.

“माझी दुसरी काही मागणी नाही,” ते म्हणाले. “शिकवायला तुमच्याकडच्या एक नव्या बाई तयार आहेत, असं कळलं. पण विषय ज्याने रचला त्याचं नाव यादीत छापतात ना? तेवढं तिचं राहू द्या. शुक्रवारी यादी लागते. पोरगी बघायला येईल.”

ते गेल्यावर मी फाइल उघडली. कुठे खोट म्हणून नव्हती. सगळे रकाने भरलेले, सगळ्या बेरजा जुळलेल्या. सहाव्या आठवड्यावर आले. तिथे लिहिलं होतं, ‘बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी. पंचवीस गुण.’

जाणं नाही, रिकामे हात नाहीत, तो तास नाही. जे काढा म्हणून आम्ही कधी सांगितलं नव्हतं आणि प्रत्येक वेळी तेच सांगितलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. घराचा खांब काढून घ्यावा आणि वर रंग द्यावा, तसं.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या खेपेच्या फायलीतलं ते अर्धं पान घेऊन घड्याळवाल्यांच्या दुकानात गेले. डोळ्याला भिंग लावून ते काम करत होते. भिंतीवर पंचवीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी.

“हे वाचा,” मी म्हटलं. “हा खरा विषय आहे त्यांचा. चौथ्या फायलीत हे नाही. समितीला सांगून मी हे परत घालून घेते. पण नियमाने शेवटचीच फाइल मंजूर करता येते, म्हणून पुन्हा एकदा परत...”

त्यांनी भिंग काढलं. पान वाचलं. पुष्कळ वेळ वाचलं.

“पुन्हा परत,” ते म्हणाले.

“मी स्वतः सगळं करते. पुढच्या वर्षीच्या यादीत...”

“म्हणजे या वर्षी तिचं नाव नाही.”

“नाही.”

“बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी काटे फिरवणारा माणूस. पण एक विचारतो. हे तुम्हाला आवडलं होतं?”

“हो.”

“मग तेव्हा का नाही लिहिलंत तसं?”

एका घड्याळाने तेवढ्यात चारचे ठोके दिले, आणि चार वाजलेही नव्हते.

“तिला भात भरवायचा की फाइल धरायची, असे दिवस होते ते,” ते हळू म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “ती म्हणायची, धरा फाइल. आता तुम्हाला चुटपुट लागली म्हणून तिचं शेवटचं काम चुकलं म्हणायचं? तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून? नाही बाई. आहे तसं जाऊ द्या.”

त्यांनी पानाची घडी घातली. मला वाटलं परत देतील. त्यांनी ती खिशात ठेवली आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

मंगळवारी बैठक झाली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फूटपट्टी सरांनी फाइल चाळली, सवयीने त्यांचं बोट एका आकड्यावर थांबलं, आणि चटका बसावा तसं त्यांनी ते उचललं.

“मंजूर,” ते म्हणाले. “एकमताने लिहा.”

“कुणाला काही म्हणायचंय?” मी विचारलं. खरं तर मलाच म्हणायचं होतं. मी ‘मंजूर’ लिहिलं, खाली सही केली. वर्षभरात इतक्या लवकर आमचं एकही काम उरकलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी यादी लागली. फलकापुढे गर्दी ओसरली तेव्हा एक मुलगी उभी होती. उंची ताईंची, कपाळही ताईंचं. तिचं बोट एका ओळीवर होतं.

“तुम्हीच का त्या अध्यक्ष बाई?” तिने विचारलं. “बाबा म्हणाले, तुम्ही लगेच मंजूर केलंत. आईला किती बरं वाटलं असतं! तिला वाटायचं, तुम्हाला ती आवडत नाही.”

“असं नव्हतं गं.”

“तेच मी म्हणायचे तिला.” ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. “फायलीतली सगळी टेबलं मी केली, बरं का. आईला कुठलं जमतंय! सहाव्या आठवड्यावर तर ती अडूनच बसली होती. रोज उघडायची, बघायची, बंद करायची. शेवटी मीच म्हटलं, आई, एवढं काय त्यात, काढून टाक ते आणि चाचणी घाल, म्हणजे त्या लोकांचं समाधान होईल. तर ऐकलं तिने माझं. पहिल्यांदाच.” ती थांबली. “बरोबर केलं ना मी?”

फलकाच्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, आणि आमच्या चेहऱ्यांवरून विषयांच्या ओळी गेल्या होत्या.

“टेबल फार नेटकं झालंय,” मी म्हटलं. “एकही सूचना करावी लागली नाही.”