हॅड बेटर

कापाचिका सरांनी फळ्यावरच्या ‘मस्ट’वर फुली मारली, मग ‘शुड’वर मारली, आणि उरलेल्या दोन शब्दांखाली खडू मोडेपर्यंत रेघ ओढली.

“मस्ट कोण म्हणतं? पोलीस म्हणतो,” ते म्हणाले. “शुड कोण म्हणतं? तुमच्यासारखे, ज्यांना दुसरं काही येत नाही ते. मोठ्या माणसाला सल्ला द्यायचा तर ‘यू हॅड बेटर’. बेटर म्हणजे अधिक चांगलं. ज्याच्यात चांगलं आहे, ते नम्र. इतकं सोपं आहे, तरी तुमच्या डोक्यात शिरायचं नाही.”

चाळीस मुलींनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं.

गुरुवारी शाळा तपासायला इन्स्पेक्टर चित्सुलो येणार होते. सत्र संपलं की शाळेचे मोठे सर निवृत्त होणार, आणि त्यांच्या खुर्चीत कोण बसणार हे चित्सुलोंच्या अहवालावर ठरणार होतं. कापाचिका सर एकोणीस वर्षं त्या खुर्चीकडे डोळे लावून बसले होते. आजवर तिच्यात बसलेला एकही माणूस त्यांना धड वाक्य बोलणारा वाटला नव्हता. या वेळी त्यांनी बेत केला होता, की वर्गाने पाहुण्यांना एका सुरात इंग्रजीतून नम्र सल्ले द्यायचे. बसा, पाणी घ्या, आमच्याबरोबर जेवा. आपल्या चिचेवा भाषेत थोरामोठ्यांशी बोलायची रीत वेगळी. इंग्रजीत मात्र कुत्र्यालाही ‘यू’ आणि गावप्रमुखालाही ‘यू’. तेव्हा त्या भाषेत आदर कुठेतरी दडलेला असणारच, आणि तो ‘हॅड बेटर’मध्ये आहे, हा शोध सरांनी स्वतःच लावला होता. कुणाला विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

वसतिगृहाचं स्वयंपाकघर वर्गाला लागूनच होतं. मंगळवारी दुपारी सर तिथून जात असताना मायी एलुबे हातात डाव घेऊन दारात आल्या. साठीच्या बाई, आठ वर्षं मुलींसाठी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवत होत्या.

“सर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा.”

“त्या इन्स्पेक्टरसाहेबांवर तुमचा काही राग आहे का?”

“राग? कसला राग?” मग मायींनी सगळं सांगितलं. तरुणपणी त्या थ्योलोच्या चहामळ्यावर होत्या, गोऱ्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात. तिला सगळे दोना म्हणत. दोना काम सांगायची तेव्हा प्लीज म्हणायची. ‘यू हॅड बेटर’ हे शब्द मायींनी अकरा वर्षांत तिच्या तोंडून दोनदाच ऐकले होते. एकदा मायींच्या हातून चिनी मातीचा चहाचा कप फुटला तेव्हा, आणि एकदा माळ्याला हाकललं तेव्हा.

“म्हणजे असं, की ऐक, नाहीतर बघून घेईन,” मायी म्हणाल्या. “आपल्या मुली भिंतीपलीकडे तेच घोकतायत, म्हणून म्हटलं.”

“मायी, तुम्हाला वाचता येतं?”

“नाही, सर.”

“मग तुम्ही घेवडा बघा. तो करपतोय. इंग्रजी मी बघतो.”

शिक्षकांच्या खोलीत सरांनी ही गंमत तिखटमीठ लावून सांगितली. आता चुलीपाशी व्याकरणाचे वर्ग भरणार म्हणाले. दोघे हसले. त्या दोघांनाही हसण्याइतकं इंग्रजी येत नाही, हे सरांनी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं.

बुधवारी सकाळी मात्र त्यांनी मोठ्या सरांच्या कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला. दोनच ओळी होत्या. सल्ला, पण इशाऱ्याचा. न ऐकल्यास परिणाम वाईट होईल असं सुचवणारा. वरिष्ठांशी बोलताना टाळावा. सरांनी त्या दोनदा वाचल्या आणि शब्दकोश होता त्याहून मागे, बाकीच्या पुस्तकांआड सारून ठेवला.

वेळ होता. तीन वाक्यं बदलायला अर्धा तास पुरला असता. पण मुलींनी कारण विचारलं असतं, आणि भिंतीपलीकडे मायी एलुबेंना सगळं ऐकू गेलं असतं. स्वयंपाकीणबाईने आपल्याला सुधारलं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आणि चित्सुलोंना तरी कुठे इंग्रजी येतं? मागच्या बैठकीत हा ढेरपोट्या माणूस एकाच वाक्यात दोन चुका करून वर पाणी प्यायला होता. त्याला काय कळणार आहे? सरांनी वर्गात जाऊन मुलींकडून तीच वाक्यं आणखी मोठ्याने म्हणून घेतली.

गुरुवारी सकाळपासून चिपेरोनी वाऱ्याबरोबर येणारी थंड भुरभुर चालू होती. चित्सुलो ओल्या कोटातच वर्गात आले आणि मागे उभे राहून भिंतीवरचा नकाशा पाहू लागले. मुली ताडकन उठल्या.

“सर, यू हॅड बेटर सिट डाउन!”

चित्सुलो होते तिथेच, मुलींच्या बाकावर बसले. पाण्याचं वाक्य आलं तेव्हा ते गटागटा पाणी प्यायले. जेवणाच्या वाक्याला त्यांनी चाळीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली, मग कापाचिका सरांकडे पाहिलं, आणि वहीत एकच ओळ लिहिली. ते जेवायला थांबले. न्सिमा त्यांनी दोनदा मागून घेतली. मुलींचा आवाज खणखणीत आहे म्हणाले. इंग्रजीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

निघताना त्यांनी सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तोंडभर हसले.

“मिस्टर कापाचिका,” ते म्हणाले, “यू हॅड बेटर सी मी ऑन मंडे.”

जीप फाटकाबाहेर गेली तरी सर भुरभुरीत उभेच होते. माणूस अडाणी असेल, तर हे मानाचं बोलावणं होतं आणि खुर्ची आपलीच होती. नसेल, तर? एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, समोरच्याला इंग्रजी येत नसावं, अशी ते मनापासून प्रार्थना करत होते. त्यांनी ते हसू पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. काही उमगेना.

मायी एलुबे मोठं पातेलं घासत होत्या. सर दारात आले आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत गेले.

“मायी,” ते हळूच म्हणाले, “तुमची ती दोना ते म्हणायची, तेव्हा तिचा चेहरा कसा असायचा?”

मायींनी हातातला काथ्या खाली ठेवला.

“हसत होती, सर,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा.”