सोमाजीच्या नावाचा टीव्ही

“बाई, उठा जी तेथून. गाडी पायरीले लावायची आहे,” भंगारवाला तिसऱ्यांदा म्हणाला.

बायनाबाई उठली नाही. पोंभुर्ण्याच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची पायरी तिनं सकाळपासून अडवून धरली होती. मागे उघड्या दारातून तो टीव्ही दिसत होता. साठ इंची पडदा आणि त्याखाली कपाटासारखं लाकडी खोकं. नुसता जमिनीवर ठेवला तरी माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच. खोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, ‘कालकथित सोमाजी अलोणे यांच्या स्मरणार्थ’. चार वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा त्याच्या पुण्यानुमोदनाला तिनंच तो विहाराला दान दिला होता.

“ज्याचं नाव लिवलं आहे त्याले विचार,” बायनाबाई म्हणाली. “तो हो म्हनला तर ने.”

भंगारवाल्यानं प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल विहार समितीचा सचिव, शाळेत मास्तर. माणूस वाईट नव्हता, पण ठराव झाला की त्याला दुसरं काही दिसत नसे.

“बाई, आज धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. आजच्या दिवशी कायले भांडून राह्यल्या?” तो म्हणाला. “चार वाजता दुर्गे ठेकेदार नवा एलईडी घेऊन येत आहे. जुना इथी ठेवून काय करू? एका मानसाचे तीन मानसं दिसून राह्यले त्याच्यात.”

“ते तुमी केले तीन.”

ते खरं होतं. इतकी वर्षं टीव्ही मूर्तीच्या समोरच्या भिंतीला होता, म्हणजे बघणाऱ्यांची पाठ बुद्धाकडे होत होती. मागच्या रविवारच्या बैठकीत हे कुणाला तरी खटकलं. लगेच ठराव झाला, चार जणांनी टीव्ही उचलला आणि मूर्तीशेजारच्या भिंतीला आणून टेकवला. सुरू करून पाहतात तर पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला एक लाल आणि एक निळा जोडीदार चिकटलेला. मग समितीनं आणखी एक ठराव केला, टीव्ही मेला म्हणून.

“सोमाजीभाऊचं नाव आपन भितीवर लिवू. दात्यांच्या यादीत,” प्रफुल समजुतीच्या सुरात म्हणाला.

“यादीत ठेकेदाराले लिव. माह्या मानसाचं नाव जेथी आहे तेथी राहील.” बायनाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. “दोन तास दे मले. नाई जमलं तर मीच हात लावतो गाडीत चढवाले.”

प्रफुलनं घड्याळ पाहिलं. भंगारवाल्यानं गाडीखाली सावलीत पथारी पसरली. त्याला कसली घाई नव्हती.

बायनाबाई आत गेली ती थेट टीव्हीच्या पाठीमागे. ही बाजू तिला आपल्या घरासारखी माहीत होती. कोळसा खाणीच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात तिनं बावीस वर्षं झाडू मारला. हा टीव्ही तिथं आला तेव्हा त्याची पूजा झाली, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागची धूळ पुसायचं काम तिच्याकडे आलं. समोरून बघायला साहेब लोक, मागून बघायला बायनाबाई. साहेबांची पोरं खेळण्यासाठी वायरी उपटत आणि मग कुणालाच सांगता येत नसे की कोणती कुठली. बायनाबाईला येत असे. पण तिला कुणी विचारत नसे. ती मुकाट्यानं लावून टाकी आणि शाबासकी इलेक्ट्रिशियनला मिळे.

क्रिकेटची मॅच असली की ती चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी राही. तिथून पडदा काळपट, मळकट दिसे. एवढ्या अंधारात साहेबांना चेंडू दिसतो तरी कसा, याचं तिला नवल वाटे. पुढे क्लबात भिंतीवरचा चपटा टीव्ही आला आणि हा कोठीत पडला. ती निवृत्त झाली तेव्हा साहेबांनी विचारलं, साडी पाहिजे की घड्याळ? तिनं कोठीकडे बोट केलं. साहेब लोक पोट धरून हसले. तिला मात्र हसू आलं नाही.

सोमाजीनं ट्रॅक्टरवर गाद्या टाकून तो पोंभुर्ण्याला आणला. दोघं नवराबायको पहिल्यांदा त्याच्यासमोर जमिनीवर बसले, आणि पडदा दिवस उगवावा तसा उजळला. ती पाणी आणायला उठली तर पुन्हा काळवंडला. बसली तर उजळला. तेव्हा तिला कळलं. या टीव्हीची काचच अशी की बसलेल्यालाच नीट दिसतं. बारा वर्षं तिला टीव्ही मंद वाटत होता, आणि टीव्ही मंद नव्हताच. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. त्या रात्री ती खूप रडली, आणि ते रडणं रागाचं होतं.

“इंदुताई, तू मधात बस,” तिनं मैत्रिणीला हाक मारली. गुडघ्यांमुळे दीक्षाभूमीला जाऊ न शकलेल्या दहाबारा म्हाताऱ्या पांढरी लुगडी नेसून सकाळपासून आतच बसल्या होत्या. इथं टीव्हीवर नागपूरचा सोहळा पाहायचा हा त्यांचा दरवर्षीचा नेम होता. “मी खाली बटनापाशी राहतो. मले एवढ्या जवळून नाई समजत. तू सांगजो.”

आधी तिनं मागच्या वायरी बोटांनी चाचपल्या. उचलताना निघालेल्या वायरी कुणीतरी घाईत खोचल्या होत्या. टीव्हीच्या पाठीला लाल भोकं बरीच, आवाजाची वेगळी, चित्राची वेगळी. आवाजाची लाल चित्राच्या लाल भोकात गेली होती. ती काढून तिनं पांढरीच्या शेजारी लावली, पिवळी घट्ट दाबली आणि टीव्ही सुरू केला.

“आता?” प्रफुलनं विचारलं.

“आता काई नाई. अर्धा तास गरम होऊ दे. थंड्यावर जुळवलं तर मांगून पुन्हा सुटते.”

“बाई, येळ नाई आपल्यापाशी!”

“दोन तास म्हनलो ना मी? बस.”

अर्ध्या तासानं तिनं पडद्याखालची छोटी झडप उघडली. रिमोट कधीच हरवला होता, पण झडपेआड सगळी बटणं होती. तिला अक्षरं वाचता येत नव्हती. डावीकडून तिसरं दाबलं की यादी येते आणि यादीतल्या पाचव्या ओळीला फुली येते, हे तिनं क्लबातल्या इंजिनियराच्या मागे झाडू धरून पाठ केलं होतं. टीव्ही हलला की आतले तीन रंग एकमेकांवरून सरकत, आणि तो येऊन हेच करायचा.

पडद्याच्या मधोमध फुली आली. एक नव्हे, तीन. लाल, हिरवी, निळी.

“हिरवी हलत नाई. बाकीच्या दोघी तिच्यावर न्यायच्या. सांग, लाल कुठी आहे?”

“वर आहे. अन उजवीकडं,” इंदुताई म्हणाली.

आवाजाच्या बटणानं फुली आडवी सरके, चॅनलच्या बटणानं उभी. एकेक दाबाला केसभर. बायनाबाईच्या मांड्या भरून आल्या, पण ती उकिडवी बसून राहिली.

“अजून खाली. अजून. आता थोडीशी डावीकडं... बस! पिवळी झाली!”

“आता निळी.”

प्रफुल नकळत इंदुताईशेजारी येऊन बसला होता. “वर घ्या बाई,” तोही सांगू लागला. “नाई, जास्त झाली. एक खाली. झालं!”

तिन्ही फुल्या मिळून एक पांढरी फुली झाली. बायनाबाईनं बटण दाबून यादी मिटवली. पडद्यावर दीक्षाभूमीचा पांढरा घुमट होता, एकच. खाली माणसांचा समुद्र, प्रत्येक माणूस एकच. म्हाताऱ्यांचे हात आपोआप जोडले गेले.  प्रफुल बाहेर गेला, आणि भंगारवाल्याची गाडी रिकामीच निघून गेल्याचा आवाज आला.

चार वाजता दुर्गे ठेकेदार आला. सोबत फोटोवाला आणि मोठं खोकं. दाराशी चप्पल काढून तो उभा राहिला आणि डोळे बारीक करून पाहू लागला.

“काय पाहून राह्यले तुमी याच्यात? सारा अंधार आहे,” तो म्हणाला. “बंद करा हे डबडं. नवा लावू.”

प्रफुलनं तोंड उघडलं, पण बायनाबाईनं हात वर केला. ती पहिल्या रांगेत, सतरंजीच्या मधोमध बसली होती. तिनं मान वळवली, पण उठली नाही.

“जय भीम, भाऊ. उभ्या मानसाले दिसत नाई याच्यात. खाली बसा.”

फोटोवाला ठेकेदाराकडे पाहत राहिला. म्हाताऱ्याही पाहत राहिल्या. ठेकेदारानं आपल्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटकडे एकदा पाहिलं आणि मग हळूहळू खाली वाकला.

बायनाबाईनं सरकून त्याला जागा दिली. थोडीशीच.