हंस छापाची पेस्ट

काळेवाडीच्या सोपानरावांनी पन्नाशी ओलांडली होती आणि तोंडातला एकही दात हलला नव्हता. जन्मभर त्यांनी गोवरीच्या राखुंडीने दात घासले. अशा माणसावर सत्तावन सालच्या दिवाळीत पेस्टसाठी गावोगाव फिरायची पाळी आली, ती जावयापायी.

झालं असं, की एकुलती एक लेक विमल वैशाखात उजवली. जावई ज्योतीराम माणदेशातला, पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कामाला. तिथंच जवळ खोली घेऊन दोघं राहत होती. विमल दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून माहेरी आली आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेली, "दिवाळीला आमच्या ह्यांच्यापुढं राखुंडी ठेवू नका, आबा. ते पेस्टनं दात घासत्यात. ती बी हंस छापच लागती. दुसऱ्या छापाला हात लावत न्हाईत."

हे बोलली ती नेमकी दुर्गाबाईंसमोर. दुर्गाबाई म्हणजे सोपानरावांची थोरली भावजय. बाईच्या हातची भाकरी मऊ, पण जीभ अशी की विळीला धार लावायची गरज नाही. लग्नात याच बाईंनी चार बायकांत म्हटलं होतं, की पोरगी दुष्काळी मुलखात दिली, ना जमीन ना जुमला. आता त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "ऐकलंत का भावजी? जावई हंस छाप हाय. आणा बरं सांभाळून, न्हाईतर हिंदुरावांसारखं व्हायचं."

सोपानरावांच्या काळजात लागलं ते हेच. शेजारच्या हिंदुरावांचा जावई गेल्या दिवाळसणाला धोतराच्या काठावरून रुसला आणि वाढलेल्या ताटावरून उठून गेला. तेव्हापासून सासरच्यांनी हिंदुरावांच्या पोरीला माहेरी पाठवलं नव्हतं. नागपंचमीला हिंदुराव दिवसभर दारात बसून रस्त्याकडे बघत होते, ते सोपानरावांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या विमलच्या वाटेला हे येऊ नये, म्हणून हा माणूस पेस्ट तर काय, खरा हंस धरून आणायला तयार होता.

वसुबारसेला सोपानराव चिंचवडला उद्धवरावांच्या दुकानात गेले. उद्धवरावांनी फळीवरून एक ट्यूब काढून धूळ पुसली.

"ह्याच्यावर मोर हाय," सोपानराव म्हणाले. "मला हंस पायजे."

"अहो, आत सगळं सारखंच. खडूची भुकटी अन् पुदिना. मोर काय अन् हंस काय."

"जावयाला हंस लागतो."

"दात घासायचेत का हंसाशी सोयरीक करायचीय?" उद्धवराव वैतागले. "सोपानराव, चित्राचे पैसे असतात. दातांना काय कळतंय बाहेर कुठलं पाखरू काढलंय ते?"

"दातांना न्हाई कळत. जावयाला कळतंय," सोपानराव म्हणाले आणि पायरी उतरले.

सोपानरावांना इंग्रजी येत नव्हतं, त्याची त्यांना कधी गरजही पडली नव्हती. काडेपेटी घ्यायची ती घोडा बघून, चहा घ्यायचा तो पंखा बघून, आणि बियाणं घ्यायचं ते पोत्यावरचा बैल बघून. छाप बघून घेतलेल्या मालात ते उभ्या आयुष्यात फसले नव्हते. त्यामुळे धनत्रयोदशीला पिंपरी कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराच्या काचेच्या कपाटात त्यांना निळ्या ट्यूबवर पांढराशुभ्र हंस दिसला, तेव्हा त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही. "ते पाखरू द्या," एवढंच म्हणाले. दुकानदारानं दिलं. ट्यूब बंडीच्या आतल्या खिशात ठेवून सोपानराव घरापर्यंत छातीवर हात धरून चालत आले. गोजाबाईंना, म्हणजे बायकोला, वाटलं छातीत कळ आली.

नरकचतुर्दशीला तांबडं फुटायच्या आत अख्खं घर अंगणात जमलं. जावयाला तेल लावायला भैरू न्हावी आला होता. दुर्गाबाई तर कुणी न बोलावता सगळ्यांत पुढे होत्या. सोपानरावांनी पितळी ताटलीत ट्यूब ठेवून जावयापुढे धरली.

ज्योतीराम अंगणातल्या दगडावर बसला होता. त्याने ट्यूबकडे पाहिलं, मग विमलकडे पाहिलं. विमल हातातल्या पणतीकडे बघत होती. मग त्याने झाकण फिरवलं, बोटावर चांगलं सुपारीएवढं घेतलं आणि घासायला लागला.

फेस आला. आधी ओठांवर आला, मग मिशीवर चढला, मग हनुवटीवरून खाली ओघळायला लागला. दुधाला उतू जायची एवढी घाई नसते. पोराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण बोट काही थांबलं नाही.

"हीच न्हवं पाव्हणं, तुमची रोजची?" सोपानरावांनी धास्तावून विचारलं.

ज्योतीरामने मान हलवली. कसंबसं गिळून म्हणाला, "हीच. अस्सल हाय."

विमलचा चेहरा असा फुलला की सोपानरावांना सगळ्या पायपिटीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. दुर्गाबाईंचा मात्र पडला.

एवढ्यात भैरूने सोपानरावांना बाही धरून गोठ्याकडे नेलं. भैरू आठवड्यातून दोनदा कारखान्याच्या साहेबाच्या बंगल्यावर जायचा.

"आबा, ही ट्यूब कुठनं आणली?"

"कॅम्पातनं. का रं?"

"साहेबाची दाढी मी ह्याच्यानंच करतो. दाढीचा साबण हाय ह्यो. त्या कंपनीची पेस्ट बी असती, पण ती लाल ट्यूबमधी. हंस दोन्हींवर."

सोपानरावांनी वळून अंगणाकडे पाहिलं. भैरू पुढे कुजबुजला, "अन् दुसरं असं, की पेस्टवाली माणसं बोटानं घासत न्हाईत. साहेब बुरूस वापरतोय, एवढुसा. तुमच्या जावयानं बुरूस मागितला का?"

मागितला नव्हता. सोपानरावांना आता सगळा उलगडा झाला आणि मस्तकात तिडीक गेली. म्हणजे या लेकाच्यानं जन्मात पेस्ट पाहिलेली नाही, आणि त्याच्या थापेपायी आपण गावोगाव हिंडलो? आत्ता जाऊन चारचौघांत उघडं पाडतो, म्हणून ते ताडताड अंगणात आले.

अंगणात विमल नवऱ्याला चूळ भरायला तांब्या देत होती. हिंदुरावांची लेक आज कुठं असेल, असं उगीच सोपानरावांच्या मनात आलं. ते वाकले, ट्यूब उचलली आणि बंडीत घातली.

"उन्हात खराब हुती," ते म्हणाले. ऊन अजून पडलंही नव्हतं.

भैरूला त्यांनी त्या दिवशी करंज्या जरा जास्तच दिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते धारेला गोठ्यात गेले, तर तिथं गव्हाणीआड ज्योतीराम उकिडवा बसून गोवरीची राख चिमटीत घेऊन दात घासत होता. सासऱ्याला पाहून तो काळ्या तोंडानंच उभा राहिला.

"बसा, पाव्हणं," सोपानराव म्हणाले. स्वतःही चिमूटभर राख घेऊन शेजारी बसले. दोघं थोडा वेळ घासत राहिले.

मग ज्योतीराम म्हणाला, "मामा, खोटं न्हाई बोलत. पेस्ट मी कालच्याला पहिल्यांदा तोंडात घातली."

"मग दसऱ्याला विमलकडनं सांगितलं कशाला?"

"म्या कुठं सांगितलं? तिचं तिनंच ठोकून दिलं. लग्नात कोण बायका म्हणल्या, दुष्काळातला नवरा केला. ते तिच्या मनात राहिलं. घरी आली अन् रडली, म्हणली, आता काय करू, आबा हंस शोधत फिरत असतील." त्याने खाली बघितलं. "आता पहिल्याच दिवाळीला चारचौघांत तिचा शब्द मी खाली पाडू का? म्हणलं, एक दिवसाचा तर परश्न हाय."

सोपानरावांचं बोट दातांवरच थांबलं. कालपासून ज्याला ते मनातल्या मनात लबाड म्हणत होते, त्या पोराने त्यांच्या लेकीच्या शब्दासाठी तोंडभर साबण खाल्ला होता, आणि वर त्याला अस्सल म्हटलं होतं. त्यांना भरून आलं. डोळे पुसायला हात वर केला तर राख डोळ्यात गेली, ते एका परीने बरंच झालं.

"पण एक विचारू का, मामा?" ज्योतीराम म्हणाला. "पेस्ट एवढी कडू असती? अन् साहेब लोक रोज कशी लावत्यात?"

सोपानरावांनी क्षणभर विचार केला. खरं सांगितलं तर पोरगा ओशाळणार, नाही सांगितलं तर पुन्हा कधीतरी त्या निळ्या ट्यूबने दात घासणार.

"कुठल्या का छापाची असंना, पाव्हणं, ती आपल्या कामाची न्हाई," ते म्हणाले आणि राखुंडीचं खापर त्याच्यापुढे सरकवलं. "जाताना डबा भरून देतो. अन् हे बघा, वरनं मी हंस चिकटवून देतो. दुर्गावहिनीनं इचारलं तर दाखवायला."