सातव्या गाडीची चाचणी

कारखान्याचा एक नियम होता. गाडीत काय खोट आहे ते चालवणाऱ्याने आधी कार्डावर लिहायचं, मगच यंत्राने टिपलेली नोंद उघडायची. नियम गाड्यांची चाचणी घेणाऱ्या नेरिओच्याच हट्टाने आला होता. एकतीस वर्षांत त्याचे हात यंत्रापुढे दोनदाच हरले होते; यंत्राला न सापडलेल्या खोटी मात्र त्यांनी कितीदा तरी पकडल्या होत्या.

डिसेंबरपासून त्या हातांची बोटं बधिर होती. साखरेने नसा मारल्या, त्या परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कारखान्यात कुणालाच हे माहीत नव्हतं.

अशा गाड्या जगात बाराच होणार होत्या. ही सातवी. अंग सगळं शर्यतीच्या गाडीचं, पण मागेपुढे नंबरप्लेट, म्हणजे हिच्यातून दूध आणायला गेलं तरी कायद्याची हरकत नाही. मोदेना शहर मागे पडलं, डोंगर सुरू झाला. शेजारी मांडीवर यंत्र घेऊन जिनेव्रा बसली होती, कारखान्यातली तरुण इंजिनिअर.

"उस्ताद, आज वरातीत निघाल्यासारखे चालवताय."

"तेल तापू दे, पोरी. सगळेच काही तुझ्यासारखे उठल्या उठल्या तापत नाहीत."

तेल नव्वद अंशांवर आलं आणि त्याने पाय दाबला. डोक्यामागे इंजिन किंचाळलं, पाठ सीटमध्ये रुतली, फुललेल्या चेरीच्या झाडांचा एकच पांढरा पट्टा झाला. एकसष्टाव्या वर्षीही छातीत तेच झालं जे तिशीत व्हायचं. डोळे, कान, पाठ, सगळं जागं होतं. हातांत मात्र काहीच येत नव्हतं. स्टिअरिंग जणू उशीआडून धरलं होतं.

त्याने वेग वाढवला. पुढचं वळण एरवीपेक्षा दहाने जास्त, त्यापुढचं वीसने. मागची चाकं सुटली, त्याने ती पाठीच्या अंदाजाने सावरली आणि मोठ्याने हसला. बोल ना, बये, तो मनात गाडीला म्हणाला, एकदा तरी बोल. हात गप्पच राहिले.

"पुरे!" जिनेव्रा ओरडली. "थांबवा!"

घाटमाथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. कार्ड काढलं. पेन घट्ट धरून लिहिलं: स्टिअरिंग, दोष नाही.

जिनेव्राने वाचलं. यंत्र उघडलंच नाही.

"स्टिअरिंगच्या हादऱ्याने तुमच्या शर्टाची बाही थरथरत होती, उस्ताद. कोपरापर्यंत. मला इथून दिसत होतं."

त्याने कार्ड उलटं केलं.

"कधीपासून?"

"डिसेंबर."

"म्हणजे पाचवी आणि सहावी गाडीसुद्धा अशाच हातांनी तपासलीत?"

तो घाईघाईने म्हणाला, "तू चालव. हाताला काय लागतं ते सांग, मी लिहितो. कुणाला कळणार आहे? माझ्याकडे दुसरं काय आहे गं?"

"चालवते. पण कार्डावर सही माझी. आणि त्या दोन गाड्या परत बोलवायच्या."

दोघांनी जागा बदलल्या. ती चाळीसच्या वेगाने उतरू लागली.

"बारीक थरथर आहे," ती म्हणाली. "डाव्या चाकाकडून."

"कोरडी की ओली?"

"म्हणजे?"

"वाळूवर चालल्यासारखी, की चिखलात?"

तिने विचार केला. "वाळू."

"बेअरिंग," तो पुटपुटला. पेन मांडीवरून खाली घरंगळलं, त्याचं लक्ष नव्हतं. तो तिच्या हातांकडे बघत होता. "आणि आता? वळताना? आता काय लागतंय? सांग ना, पोरी."