ताएसिक का बोलत नव्हता

शशिकांत जहाजबांधणीच्या कामावर काही वर्षं कोरियातल्या एका बेटावर होता. त्या काळात त्याची बायको रश्मी तिथल्या मासळीबाजारात कोरियन बोलायला शिकली. पुढे सिंगापूरला आंग मो किओत फ्लॅट घेतल्यावर त्या भाषेचं कामच उरलं नाही. २००४ मध्ये 'नारू फाइव्ह' हा पाच पोरांचा कोरियन बँड इथे आला. आयोजकांना ऐन वेळी दुभाषी मिळेना, म्हणून रश्मीला बोलावणं आलं. तिच्या मुलीला, कादंबरीला, हे खरंच वाटेना. कादंबरीच्या कपाटाच्या दारावर आतून याच पोरांची पोस्टर्स होती.

तांजोंग पगारच्या हॉटेलात पोचल्या पोचल्या मॅनेजर चोईने ताकीद दिली. "ताएसिकला विचारलेला प्रश्न मला सांगायचा. उत्तर मी देईन."

"का?"

"आमची तशी पद्धत आहे."

ताएसिक बँडचा मुख्य गायक. बाकीचे चौघे एकमेकांची टर उडवत बसले होते, हा एकटा खिडकीशी. त्याने पाणी मागितलं तेही खूण करून. वेटरने काही विचारलं की चोई मध्ये पडायचा. सगळ्यांचे मोबाइल चोईच्याच बॅगेत. रश्मीला हे काही ठीक दिसेना. अशा कंपन्या शाळकरी पोरांना करारात अडकवतात, असं कादंबरी सांगायची. या पोराला धाक दाखवून गप्प बसवलंय, अशी रश्मीची जवळजवळ खात्रीच झाली.

चोई फोन घ्यायला बाहेर गेला तशी ती खिडकीपाशी गेली.

"तुला बोलू देत नाहीत का?" तिने कोरियनमध्ये हळूच विचारलं. "मला सांग. मी पोलिसांत जाईन."

मासळी विकणाऱ्या बायकांकडून उचललेली तिची बोली ऐकून तो चमकला, मग हसला. त्या हसण्याला आवाजच नव्हता. तो तिच्या कानाशी वाकला.

"माझी आई असंच बोलते," शब्द घशातून खरवडून काढल्यासारखे येत होते. "माझा आवाज गेलाय. ऑपरेशन केलं, पण परत आला नाही. स्टेजवर जुनं रेकॉर्डिंग लावतात, मी ओठ हलवतो. हे बाहेर फुटलं तर या चौघांचंही संपेल. मला गप्प ठेव, असं मीच चोईला सांगितलंय."

रश्मीला वाईट वाटलं, तरी शंका जाईना. हेही चोईने पढवलं असेल तर?

पत्रकार परिषदेत एका मुलीने ताएसिकला गाण्याची एक ओळ म्हणायला सांगितली. रश्मीने चोईकडे पाहिलंच नाही. तिने प्रश्न सरळ ताएसिकला सांगितला. बोलायचं असेल तर ही संधी होती. त्याने नुसती मान हलवली. तेवढ्यात सगळ्यांत धाकट्याने माइक ओढला आणि तो ताएसिकची ओळ भलत्याच सुरात म्हणायला लागला. बाकीचे तिघेही सामील झाले. लोक हसले, टाळ्या पडल्या. ताएसिक त्यांच्याकडे बघत राहिला. बाजूला चोई चष्मा काढून डोळे पुसत होता. तेव्हा कुठे रश्मीचा संशय फिटला.

वर्षभरात बँड फुटला. चोईच्या हावरटपणाने पोरं वैतागली, असं मासिकांत छापून आलं. कादंबरीने दोन दिवस धड जेवण केलं नाही, तेव्हा रश्मीने तिला सगळं सांगितलं.

"आणि तू बिलीव्ह केलंस?" कादंबरी सिंगापुरी पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली. "मॅनेजरनेच शिकवलं असणार, लाह."

"मी त्याचा आवाज ऐकलाय गं."

आईला यातलं काय कळतंय, अशा नजरेने कादंबरी तिच्याकडे बघत राहिली.