ओलिसाचा शेवटचा घास

राजवाड्यात आल्याच्या चौथ्या दिवशी जैवंतीचे पाय जमिनीला लागेनासे झाले. सकाळी फक्त टाचा उचलल्या, मग चवडे, आणि दुपारपर्यंत ती कमरेइतक्या उंचीवर आली. कुणाला नवल वाटलं नाही. ओलीस ठेवलेलं पोर अळणी जेवतं आणि अळणी जेवणारं पोर तरंगतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

जैवंती नऊ वर्षांची, घाटमाथ्याच्या सरदार हैबतरावांची एकुलती एक लेक. तहात कबूल केलेले तीन गड हैबतरावांनी दसऱ्यापर्यंत महाराजांच्या हवाली करायचे, तोवर लेक राजवाड्यात, असं ठरलं होतं. आता राजघराण्याचा नेम मोठा कडक. ज्यानं आपलं मीठ खाल्लं, त्याच्यावर हात उचलायचा नाही. म्हणून ओलिसाच्या ताटात मिठाचा कण पडू द्यायचा नाही. नेमही राखायचा आणि हातही मोकळा ठेवायचा, अशी ही सोय होती. तिचा शोध लावणारा पूर्वज कोण, हे कुणी सांगत नसे.

मुदपाकखान्यातल्या भागूआक्कानं तिच्या कमरेला सुती दोर बांधला आणि दुसरं टोक अंगणातल्या दगडी खुंट्याला अडकवलं. जेवण ती लांब दांड्याच्या पळीनं वर पोचवायची.

"आक्का, वरणाला चव का नाही गं?"

"खा मुकाट्यानं. चव असती तर खाली बसून जेवली असतीस."

दसरा झाला. गड आले नाहीत. मग रोज सकाळी चिटणीस यायचे, "आज एक हात," म्हणायचे आणि दोर हातभर सैल करून जायचे. जैवंतीला आधी कौलं दिसली, मग पेठ, मग नदी. नवव्या हाताला घाटमाथा दिसला. बाबांचे तिन्ही गड दिसले आणि तिन्हींवर बाबांचंच निशाण फडकत होतं. बाबांना आपल्यापेक्षा गड प्यारे आहेत, हे तिला तिथं टांगल्या टांगल्या कळलं. तिला फार वाईट वाटलं. तिनं दिवसभर तिकडे पाठ केली.

बाराव्या हाताला वरून आवाज आले. ढगांच्या जरा खाली मुलं बसली होती, काही जुन्या तऱ्हेचे अंगरखे घातलेली, एकीच्या नाकात भली मोठी नथ. दोर कुणालाच नव्हता.

"तुझा कधी कापणार?" नथवालीनं विचारलं.

"पौर्णिमेला. दुखतं?"

"नाही. फक्त खालचं ऐकू येईनासं होतं. आम्ही अकरा आहोत. तू आलीस की डझन होईल."

"मला नाही यायचं," जैवंती म्हणाली.

"आम्हाला तरी कुठं यायचं होतं?"

पौर्णिमेला भर दुपारी सगळा दरबार अंगणात जमला. दोर महाराजांनीच कापायचा आणि त्याआधी ओलिसाला दहीभाताचा एक घास भरवायचा, अशी चाल होती. ओलिसाचं रोजचं अळणी मागच्या चुलीवर शिजायचं, पण हा घास राजाच्या हातचा, म्हणून देवाच्या चुलीवर, सोवळ्यात. आक्कानं तो कालवून आणला. चिटणिसांनी जैवंतीला ओढून महाराजांच्या तोंडासमोर आणलं. महाराजांच्या डाव्या हातात कट्यार, उजव्या हातात घास.

"आ कर, बाळ."

तिनं आ केला. जिभेला मीठ लागलं.

तिला रडूच फुटणार होतं. पण आता तोंडातून ब्र निघाला तर घास थुंकायला लावतील, हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले आणि घास नीट चावून गिळला. मग पाय फरशीला टेकले. फरशी उन्हानं चांगलीच तापली होती.

दोर सैल पडला. महाराजांनी बोट चाखून पाहिलं.

"भागूआक्का, भातात मीठ आहे?"

"असेल, महाराज. देवाच्या चुलीवर चाळीस वर्षं मीठ घालतेय, हात आपोआप गेला असेल. आणि नैवेद्याचं चाखून बघायची काही आपल्यात चाल नाही."

चिटणिसांनी नेमांची पोथी पुढून मागून चाळली. खाल्लेलं मीठ परत घ्यायचा नेम तीत नव्हता. महाराजांनी कट्यार म्यानात घातली आणि मोठा श्वास सोडला.

"सुटलीस. जा पोरी."

"कुठं जाऊ?"

"घरी. नाहीतर जाशील तिथं."

जैवंतीनं आधी कमरेची गाठ सोडली. घरी जायचं का, हे तिचं अजून ठरत नव्हतं. मग ती आक्काकडे वळली.

"अजून भात आहे?"

आक्का आत गेली आणि दोन्ही हातांनी परात घेऊन आली. एका घासासाठी तिनं परातभर भात कालवला होता.

"महाराज," जैवंती म्हणाली, "वर अजून अकरा जण आहेत. माझा हात पोचायचा नाही. तुम्ही फेका."

महाराजांनी परातीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. बाह्या सारून त्यांनी भाताचा लहानसा मुटका वळला आणि सगळं बळ एकवटून वर फेकला. सगळ्यांनी माना वर केल्या, डोळ्यांवर हात धरले आणि वाट पाहिली.

घास खाली पडला नाही.